कामाच्या वेळेत उठायची मुभा

दरवर्षी २१ जूनला सकाळी नंदुरबार जिल्ह्यातील सरकारी कार्यालयांच्या आवारात आणि शाळांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात. अधिकारी, लिपिक, शिक्षक, पोलीस योगासने करतात, फोटो निघतात, अहवाल वर पाठवला जातो. त्यानंतर पावणेदहाला कार्यालयातील माणसे आपापल्या टेबलाशी बसतात ती सव्वासहाला उठतात. योग दिनात वावगे काहीच नाही. पण कर्मचाऱ्यांनी हालचाल वाढवावी म्हणून कामाच्या ठिकाणी जे काही होते, ते बऱ्याचदा या एका सकाळीपुरतेच असते. बाकीचे दिवस कर्मचारी किती तास खुर्चीत असतो, त्याला उठायची सवड मिळते का, हे कुणी विचारत नाही.

अशा उपक्रमांची आता कमतरता नाही. २९ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने ‘फिट इंडिया’ चळवळ सुरू केली. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने कामाच्या जागेवरच करता येईल अशी पाच मिनिटांची योगविश्रांती ‘वाय ब्रेक’ या नावाने आणली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत पावले मोजण्याच्या स्पर्धा, जिमचे शुल्क, वजन कमी करणाऱ्याला बक्षीस हे नेहमीचे झाले आहे. तालुक्याच्या गावातही मनगटावर पावले मोजणारे घड्याळ दिसू लागले आहे. प्रश्न एवढाच की, याने खरोखर काही साधते का? आणि साधत नसेल, तर नंदुरबारसारख्या जिल्ह्याने काय करावे?

गरज आहे यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. याच संघटनेच्या तज्ज्ञांसह झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, २०२२ साली जगातील ३१ टक्के प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. भारतात हे प्रमाण जवळपास निम्मे होते. भारतीय स्त्रियांत सुमारे ५७ टक्के, पुरुषांत सुमारे ४२ टक्के. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी साडेतेरा कोटी.

नंदुरबारमध्ये हे आकडे सांगितले की, एक उत्तर हमखास येते. ‘हे शहरातल्यांचे आजार. आमच्याकडे माणूस डोंगर चढतो-उतरतो, त्याला कसली शुगर?’ बापाच्या पिढीसाठी हे बरेचसे खरे होते. पण १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, तेव्हापासून जिल्हा परिषद, आदिवासी विकास प्रकल्प, आश्रमशाळा, पोलीस, बँका यांत नोकरी करणाऱ्यांची एक पिढी इथे उभी राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याच्या पाड्यांवरून शिकून आलेल्या अनेकांच्या घरात खुर्चीवर बसून पगार मिळवणारा तो किंवा ती पहिलीच. बाप दिवसभर नांगरामागे चालला, आईने डोक्यावर पाणी वाहिले, मुलगा मोटारसायकलने कार्यालयात येतो आणि आठ तास संगणकासमोर बसतो. खाणे बदलले, झोपेची वेळ बदलली, शरीर मात्र तेच आहे.

आणि हे शरीर कसे घडले, हे इथे फार महत्त्वाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा अनेक वर्षे अभ्यास केला. भारतीय बाळ वजनाला कमी असते, पण त्याच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण जास्त असते, असे त्यांना आढळले. दिसायला बारीक, आतून चरबीचे. पोटात असताना आणि लहानपणी उपासमार सोसलेल्या शरीराला पुढे आयते खाणे आणि बैठे काम मिळाले, तर मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात. नंदुरबारचे नाव कुपोषणासाठी वर्षानुवर्षे घेतले जाते. त्या काळातली बाळे आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांतली काही सरकारी खुर्चीत आहेत. धोका त्यांना शहरातल्या माणसापेक्षा कमी नाही, कदाचित जास्तच आहे. अतिदुर्गम पाड्यावरून इथवर आलेल्या या पहिल्या कमावत्या माणसाला पंचेचाळिशीत पक्षाघात झाला, तर एक घर नव्हे, त्याच्या पगारावर शिकणारी भावंडे आणि गावाकडचे म्हातारे आईवडील असे सगळेच खाली बसतात.

म्हणून वजन कमी करण्याच्या स्पर्धा इथे फसव्या आहेत. ५५ किलोच्या बारीक शिक्षकाचे वजन बघून त्याला ‘फिट’ ठरवले जाईल आणि त्याच्या पोटाच्या घेरात दडलेला धोका तसाच राहील. वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप हवी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की, वजन काहीही असो, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायला हवी.

कामाच्या ठिकाणची हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवला गेला तो लंडनच्या बसमध्ये. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिने चढे-उतरे. एकाच संस्थेतले, सारख्याच घरांतून आलेले हे लोक. पण वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झालाच तर सौम्य होता. मॉरिस इथेच थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली आणि नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी होती, असे दिसले. म्हणजे फरकाचा काही भाग कामामुळे होता, काही भाग मुळात माणसेच वेगळी असल्यामुळे.

ही दुसरी गोष्ट पुढे विसरली गेली आणि तिथेच आजचे बहुतेक स्वास्थ्य उपक्रम फसतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींना तपासण्या, वर्ग आणि भाग घेतल्याबद्दल पैसे देऊ केले, उरलेल्यांना नाही. वर्षानंतर वैद्यकीय खर्चात दखल घेण्याजोगा फरक नव्हता, जिमला जाण्यातही नव्हता. उपक्रमात उत्साहाने भाग घेणारे लोक मुळातच अधिक निरोगी होते. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० शाखांपैकी २० शाखांत असा उपक्रम दीड वर्ष चालवला गेला. तिथले अधिक कर्मचारी ‘आम्ही व्यायाम करतो’ असे सांगू लागले, पण वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत आणि रजांच्या संख्येत इतर शाखांपेक्षा फरक पडला नाही.

याचा अर्थ हालचालीचा उपयोग नाही, असा नाही. हालचालीचा उपयोग आहेच. उपदेशाचा, बक्षिसाचा आणि मोबाइलवरच्या आठवणीचा उपयोग थोडा आहे. पहाटे मैदानावर फिरायला जाणारा कर्मचारी उपक्रमातही पहिला नाव नोंदवतो. ज्याला खरी गरज आहे तो घरचे, प्रवासाचे आणि दोन टेबलांचे काम ओढत असतो. त्याच्याकडे इच्छा नसते असे नाही, त्याच्या दिवसात जागा नसते.

मग काय लागू पडते? भारतातील सात मोठ्या औद्योगिक ठिकाणी झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. सहा ठिकाणी सुमारे चार वर्षे सातत्याने काम झाले. कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय दोघांनाही धरून माहिती दिली गेली, धोका जास्त असलेल्यांकडे वेगळे लक्ष दिले गेले आणि कामाच्या ठिकाणचे वातावरणही बदलण्याचा प्रयत्न झाला. तिथे कंबरेचा घेर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची सरासरी खाली आली. जिथे काहीच केले नव्हते तिथे तसे झाले नाही. चिठ्ठ्या टाकून केलेला हा प्रयोग नव्हता, तेव्हा त्याच्या निष्कर्षांना मर्यादा आहे. तरी दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. काम वर्षानुवर्षे चालले पाहिजे आणि ते नुसते सांगण्याचे नसून व्यवस्था बदलण्याचे असले पाहिजे.

व्यवस्था म्हणजे काय, ते सरकारी कार्यालयाच्या वेळापत्रकातच दिसते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शनिवारची सुट्टी आली आणि रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. या अर्ध्या तासात डबा खायचा, हात धुवायचे, फोन करायचा आणि पुन्हा टेबल गाठायचे. जेवण होताच बसणे हे साखरेच्या दृष्टीने सर्वात वाईट. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की, जाड्या पण मधुमेह नसलेल्या माणसांनी दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटे सावकाश चालले, तरी जेवणानंतर चढणारी साखर सलग बसलेल्यांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी राहते. घाम गाळायची गरज नाही, उठायची आहे.

यासाठी निधी लागत नाही. जेवणानंतर दहा मिनिटे आवारात चालणे हे कामचुकारपणा नाही, असे कार्यालय प्रमुखाने एकदा लेखी कळवले आणि स्वतः चालून दाखवले, तरी अर्धे काम होते. पिण्याच्या पाण्याची सोय प्रत्येक टेबलावर न करता व्हरांड्याच्या टोकाला करता येते. शेजारच्या शाखेत फाईल द्यायला शिपायाला हाक मारण्याऐवजी स्वतः जाता येते. तासाभराच्या आढावा बैठकीत मधे तीन मिनिटे सगळ्यांनी उभे राहायचे, असे अध्यक्षांनी ठरवले तर कुणी नाही म्हणणार नाही. ‘वाय ब्रेक’ची पाच मिनिटे कागदावर आहेतच, ती घड्याळात आणायची आहेत. गुडघे दुखणाऱ्याला किंवा अपंग कर्मचाऱ्याला खुर्चीतच हातापायांचे व्यायाम करता येतात, त्याच्याकडे बोट दाखवले जाणार नाही एवढे पाहावे.

दहा हजार पावलांचा बाऊही करायला नको. हा आकडा विज्ञानातून आला नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. २०२५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला सात हजार पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका दोन हजार पावले चालणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा दिसला. दोन हजारांवरून चार हजारांवर जाण्यातही फायदा आहेच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. धडगावच्या पाड्यावरचा माणूस पहाटेची गाडी धरून दाखल्यासाठी येतो आणि खिडकीवर कळते की, साहेब चालायला गेलेत. असा उपक्रम लोकांना चीड आणेल आणि ती चीड योग्यच असेल. म्हणून उठणे पाळीने हवे, खिडकी उघडी ठेवून हवे. एक उठला की दुसरा बसेल. तसेही दिवसातून दोनदा टपरीवर चहाला जाणे होतेच आणि तिथे पुन्हा बसणेच होते. तीच वेळ वापरता येईल. रिकाम्या पदांमुळे एकाच माणसाकडे दोन-तीन टेबलांचा भार आहे, ही अडचण मात्र व्यायामाने सुटणारी नाही. पदे न भरता ‘तणावमुक्ती’ची व्याख्याने देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

महिला कर्मचाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. पहाटे उठून स्वयंपाक, मुलांचे डबे, शहाद्याहून किंवा नंदुरबारहून रोजचे अपडाऊन, संध्याकाळी पुन्हा चूल. ‘सकाळी तासभर फिरा’ हा सल्ला त्यांना देणे म्हणजे त्यांच्या झोपेतला तास काढून घेणे. त्यांची हालचाल कामाच्या वेळेतच बसवावी लागेल. शिवाय स्वच्छ, पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह नसेल, तर बाई दिवसभर पाणी पीत नाही आणि जागेवरून उठतही नाही. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी एकच काम करायचे असेल, तर अनेक कार्यालयांत ते स्वच्छतागृह दुरुस्त करण्याचे ठरेल.

मॉरिस यांच्या बसकडे पुन्हा वळू. चांदसैली घाटातून एसटी नेणारा चालक तासन्‌तास एकाच आसनावर, सतत सावध, वेळापत्रकाच्या धाकात असतो. त्याला ‘पावले वाढवा’ सांगून काय होणार? फेरी संपल्यावर पंधरा मिनिटे मोकळी मिळणे, मुक्कामाच्या ठिकाणी नीट झोपायला जागा असणे आणि आगारातच रक्तदाब मोजला जाणे हाच त्याचा स्वास्थ्य उपक्रम. त्याच्यावर चाळीस-पन्नास प्रवाशांचा जीव असतो, हे लक्षात घेतले तर हा खर्च त्याच्या एकट्यासाठी नाही.

आता दुसरी बाजू. या जिल्ह्यातील बहुसंख्य कष्टकऱ्यांना हालचाल कमी नाही, विश्रांती कमी आहे. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर उन्हात उकिडवे बसून देठ खुडणाऱ्या बाया, बाजार समितीत पोती वाहणारे हमाल, दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणारी जोडपी यांच्याही कामाचे ठिकाण आहे, पण कर्मचारी स्वास्थ्य हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कामाच्या ओघातले जड श्रम म्हणजे व्यायाम, असे समजणे चूक आहे. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात २०२१ मध्ये असे दिसले की, फावल्या वेळेत जास्त हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यू कमी, तर कामावर अतिशय जड श्रम करणाऱ्यांत ते जास्त. व्यायामात माणूस थकला की थांबतो. हमाल थकला तरी पुढचे पोते असते. ओझे वाहताना रक्तदाब तासन्‌तास चढा राहतो, रात्री शरीर भरून निघण्याआधीच दुसरा दिवस उजाडतो.

म्हणून इथे उपक्रम उलटा हवा. सावली, पिण्याचे पाणी, दर काही वेळाने टेकायला जागा, एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार जड काम बंद. १९४८ च्या कारखाना कायद्यातच उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय आणि सलग पाच तासांपूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. एकाला उठायची मुभा हवी, दुसऱ्याला बसायची. दोन्हींमागचे शास्त्र एकच आहे. शरीराला एकाच अवस्थेत जखडून ठेवू नये.

या दोन्हींच्या मधे आशाताई आहेत. त्या पाड्यापाड्यांवर चालतात, तीस वर्षांवरील प्रत्येकाची कंबर मोजून रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचा फॉर्म भरतात, पण त्या ‘कर्मचारी’ नाहीत, स्वयंसेविका आहेत. म्हणून कर्मचाऱ्यांसाठीच्या कोणत्याही योजनेत त्या मोजल्या जात नाहीत. त्यांचा स्वतःचा फॉर्म भरला गेला का, त्यांचे हिमोग्लोबिन किती, हे मासिक बैठकीत विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नंदुरबारमध्ये आणखी एक सावधगिरी अनिवार्य आहे, ती सिकलसेलची. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आणि त्याचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी आणि कार्ड देणे चालू आहे. सिकलसेलच्या रुग्णाला ऊन, तहान आणि एकदम केलेला जोराचा व्यायाम यांतून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक व्यक्ती सर्वसाधारण आयुष्य जगते, पण कडक उन्हात पाणी न पिता दमछाक होईपर्यंत धावणे तिलाही धोक्याचे ठरू शकते. त्यामुळे मे महिन्यातली सक्तीची मॅरेथॉन, सर्वांना एकच अंतर, मागे राहणाऱ्याची थट्टा हे प्रकार इथे नकोतच. रुग्णांनी चालू नये असे नाही. सावकाश, पाणी पीत, थांबत, डॉक्टरांना विचारून चालावे. आपला आजार सगळ्यांसमोर उघड करण्याची सक्ती मात्र कुणावर होता कामा नये.

हाच नियम सगळ्याच तपासण्यांना लागू आहे. कुणाचे वजन किती, कुणाची साखर किती हे नोटीस बोर्डावर किंवा कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे हा आरोग्याचा उपक्रम नव्हे. निकाल कर्मचाऱ्याच्या हातात द्यावेत आणि बढती-बदलीशी त्यांचा संबंध नसावा. वर्षातून दोनदा कार्यालयातच रक्तदाब, साखर आणि कंबर मोजावी. ज्याचे आकडे वाढलेले असतील त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात पाठवावे आणि तो पोचला का, हे महिन्याभराने तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याने पाहावे. तपासणी करून पाठपुरावा न करणे हे तपासणी न करण्याइतकेच निरुपयोगी आहे.

या सगळ्याला मोठी योजना किंवा वेगळे अनुदान लागत नाही. जिल्ह्यातील एखाद्या पंचायत समितीने, एखाद्या आगाराने, एखाद्या बाजार समितीने वर्षभर करून पाहावे. सुरुवातीला कंबर आणि रक्तदाब लिहून ठेवावेत, वर्षाने पुन्हा पाहावेत. फरक पडला तर इतरांनी घ्यावे, नाही पडला तर तेही सांगावे. पुढच्या २१ जूनला सतरंज्या जरूर अंथराव्यात. त्या दिवशीच्या अहवालात मात्र किती जणांनी आसने केली याबरोबर आणखी एक रकाना असावा. गेल्या वर्षभरात आपल्या कार्यालयात कामाच्या वेळेत उठायला, पाणी प्यायला आणि टेकायला कुणाकुणाला मुभा मिळाली?